मिक्सरची मोटार जाते कुठं? भंगारात!

घरकुलाच्या साइटवर रात्री ठेवलेला व्हायब्रेटर, कटर नाहीतर मिक्सरची मोटार सकाळी गायब, ही तक्रार गावोगावची. बऱ्याचदा चोराला मशीन चालवायचं नसतं, त्याचा डोळा तांब्याच्या वायंडिंगवर असतो. फटका मालकाला बसतोच, पण काम थांबलं की मजुरांची हजेरीही बुडते.

माल सापडला तरी तो आपलाच आहे हे दाखवायला बिल आणि मशीनचा नंबर लागतो. म्हणून नंबर प्लेटचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, बॉडीवर वेल्डिंगनं नाव टाका, लहान मशीन रात्री घरी न्या. चोरी झालीच तर एफआयआर करा, त्याची प्रत फुकट मिळते.

आणि खरेदीदाराचं काय? चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार 3 वर्षांपर्यंत कैद आहे. घेणारा आहे तोवर चोरणारा राहणारच.