संगणकाने उधारी फुगवली, आणि लपवलीही

मुंब्र्याचे एक कारागीर वीस वर्षांपासून आमच्या भिवंडीच्या पेढीवरून कापड नेतात. शिवणकामाची आठ मशीने आहेत. रोखीने व्यवहार जमत नाही, पण हप्ता कधी चुकत नाही. मागच्या ईदनंतर आमच्या मुलाने संगणकावरची यादी पाहून त्यांना तकादा केला : बाकी रु. ५५,०००. दुसऱ्याच दिवशी ते पावत्या घेऊन हजर झाले. बिल ४०,०००चे, भरणा एकदा १५,०००, एकदा १०,०००. “भाईसाहेब, आजवर मी तुमचा एक पैसा बुडवलाय का?” एवढेच बोलले. चहासुद्धा घेतला नाही.

बाकी पंधरा हजार आणि मागितले पंचावन्न! बिलापेक्षा बाकी मोठी, हे आमच्यापैकी कोणालाच दिसले नव्हते.

प्रोग्राम लिहिणारा मुलगा म्हणाला, तुमच्या नोंदी चुकल्या असतील. दोन दिवस घालवून बिले आणि पावत्या ताडून पाहिल्या. नोंदी बरोबर होत्या. माझी शाळा उर्दू, संगणकाचे ज्ञान बेताचे. पण खाते मला वाचता येते. मी जुनी वही काढून एकेका पार्टीची बाकी हाताने काढू लागलो, तेव्हा चुकीचा नमुना दिसला. ज्याने एकाच हप्त्यात रक्कम भरली, त्याची बाकी बरोबर. ज्याने तुकड्यातुकड्याने भरली, त्याची फुगलेली. आणि ज्याने एक रुपयाही भरला नाही, त्याचे नाव यादीतून गायब!

कारण पुढे कळले. संगणकात बिलांचा तक्ता वेगळा आणि जमेचा वेगळा. प्रोग्रामने दोन्ही जोडून, ज्याला ते लोक ‘जॉइन’ म्हणतात, मग बेरीज केली. मुंब्र्याच्या बिलासमोर दोन पावत्या, म्हणून ते बिल दोनदा आले : ८०,०००. त्यातून २५,००० वजा, राहिले ५५,०००. ज्या बिलासमोर पावतीच नाही त्याला जोडायला काही सापडले नाही, म्हणून ते गळून पडले. असे एक बिल ३८,०००चे होते. आता गंमत पाहा. या दोन पार्ट्यांची खरी बाकी मिळून ५३,००० आणि संगणक दाखवत होता ५५,०००. एक चूक दुसरीला झाकत होती. महिन्याची एकूण उधारी अंदाजाला धरून येई, म्हणून आम्ही निश्चिंत.

माझी खरी तक्रार यापुढची आहे. चूक दाखवल्यावर त्या मुलाने ‘डिस्टिंक्ट’ नावाचा एक शब्द घातला, म्हणजे तीच रक्कम पुन्हा आली तर एकदाच धरायची. मुंब्र्याचा हिशेब जुळला आणि तो खूश. पण आमच्याकडे तेवढाच माल त्याच भावाने पुन्हा नेणारी गिऱ्हाइके पुष्कळ. एकाची दोन बिले, दोन्ही २४,०००ची. त्यातले एक संगणकाने पुसूनच टाकले. एका माणसाचा आकडा जुळवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुरुस्ती अशी की आधी प्रत्येक बिलाची जमा वेगळी बेरजून घ्यावी, मग बिलाशी जोडावी. ज्याची जमा नाही ते बिलही यादीत ठेवावे (याला ‘लेफ्ट जॉइन’ म्हणतात) आणि तिथे जमा शून्य धरावी. ती जागा कोरी राहिली तर बाकीही कोरीच येते, हेही मी अनुभवाने सांगतो.

आपल्यातले अनेक व्यापारी आता वही बंद करून संगणकावर जात आहेत. जरूर जावे. पण पहिले तीन महिने वही चालू ठेवावी, आणि एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नये. काहीच न भरणारा, एकदाच भरणारा, तुकड्याने भरणारा आणि सारख्याच रकमेची दोन बिले असलेला, असे चार इसम निवडून त्यांची बाकी हाताने काढावी. “संगणक चुकत नाही” असे सांगणाऱ्याला हे चार हिशेब समोर बसून करायला लावावेत. पैसे त्यानंतर द्यावेत.

मुंब्र्याला मी स्वतः जाऊन माफी मागून आलो. ३८,०००वाल्याचे मात्र अवघड आहे. आठ महिने त्याला कोणी विचारलेच नाही. आता तो म्हणतो, पैसा दुसऱ्या मालात अडकला, दिवाळीपर्यंत मुदत द्या.