ए.बी. म्हणजे काय?

मागच्या महिन्यात म्हसळ्याला एका घरी रिश्त्याची बोलणी चालली होती, आम्हीही बसलो होतो. मुलगा श्रीवर्धनचा. काय करतो म्हटल्यावर त्याचे चाचा म्हणाले, "बोटीवर ए.बी. आहे." मुलीच्या अम्मींनी हळूच विचारले, "हे काय, बी.ए.चं उलटं?" कोणीतरी सांगितले, "एबल-बॉडीड. म्हणजे धडधाकट." अम्मींचा चेहरा उतरला. धडधाकट तर गावातली सगळीच पोरं आहेत!

शब्दशः अर्थ तोच. 'एबल' मूळचा लॅटिन 'हाबिलिस', म्हणजे हाताळायला सोपा, कामाचा. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 'बॉडी' इंग्रजीच्या घरचाच. शाळेत आपण 'लंबोदर' सोडवला तसाच हा बहुव्रीही: समर्थ आहे शरीर ज्याचे, तो. जमिनीवर या शब्दाने गरिबांना त्रासच दिला. 1834 च्या इंग्लंडच्या कायद्यानंतर, धडधाकट ठरलेल्या गरिबाला घरी मदत देण्याऐवजी कामघरात धाडायचे धोरण आले.

बोटीवर मात्र 'एबल' म्हणजे कसबी. सुकाणू धरणारा, दोरखंड जाणणारा, पहाऱ्यावर उभा राहणारा. नवखा तो 'ऑर्डिनरी'. अंगाने दोघेही धडधाकटच. 1946 साली सिएटलला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात ए.बी.साठी किमान 18 वर्षे वय, साधारण 36 महिने समुद्रावरची नोकरी आणि परीक्षा ठरली. आताच्या दाखल्यावर 'एबल सीफेअरर डेक' असते. त्यातली बॉडी गेली, कसब राहिले.

हे आम्ही सांगत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातले नाना बोलले. ते स्वतः बोटीवर सुकाणी होते. त्यांच्या वालिदांच्या काळी इंग्रजांच्या बोटींवर आपल्या कोकणी माणसाला 'लास्कर' म्हणत. शब्द फारसी 'लष्कर'मधला. काम गोऱ्या ए.बी.चेच, पगार त्याच्या मानाने फार थोडा, आणि 'एबल' हा शब्द कागदावर नाही तो नाहीच.

"दाखला आहे ना जवळ?" नानांनी मुलाला विचारले. त्याने काढून दिला. चष्मा लावून नानांनी तो दोनदा वाचला. मग अम्मींकडे वळून म्हणाले, "चहा ठेव."