टाकाऊतून टिकाऊच्या पुढे

शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’चा प्रकल्प जाहीर झाला की घराघरांत रिकाम्या बाटल्या, खोके आणि आइस्क्रीमच्या काड्यांची जमवाजमव सुरू होते. मुलांचे हात त्यात रमतात, त्यांना काहीतरी घडवल्याचा आनंद मिळतो, हे चांगलंच आहे. पण रंग, गोंद आणि चमकी लावलेली बाटली भंगारवाला घेत नाही. प्रदर्शन संपतं, पेनस्टँड महिनाभर टेबलावर राहतो आणि मग कचऱ्यात जातो. साधी स्वच्छ बाटली कारखान्यापर्यंत पोचली असती, तिचा धागा झाला असता. सजवलेल्या बाटलीची ती वाट बंद होते. म्हणून मला वाटतं, मुलांना हस्तकलेच्या आधी एक गोष्ट शिकवायला हवी: आपण टाकलेली वस्तू पुढे जाते कुठे आणि कुणाच्या हाती लागते.

याचा उत्तम धडा आपल्याच पुण्यात आहे. 1990च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला वस्तीत जाऊ लागल्या. मुलांच्या आग्रहावरून त्या त्यांच्याबरोबर कचरा वेचायलाही गेल्या. कुजकं अन्न, फुटक्या काचा आणि रद्दी एकाच ढिगात, आणि त्यात हात घालून दिवसाची कमाई शोधायची, हे त्यांनी स्वतः अनुभवलं. हाच कचरा घरातून वेगळा होऊन आला तर यांचे कष्ट किती हलके होतील, ही जाणीव त्यातून पक्की झाली. पुढे 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली आणि 2008 पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. म्हणजे कचरा वेगळा करण्याच्या या आग्रहामागे शिकू पाहणारी मुलं होती. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगितलीच पाहिजे.

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशी फाटकाशी बसून सुका कचरा निवडतात. सुटीच्या दिवशी मुलं भोवती जमतात. मावशी प्लास्टिकची पिशवी बोटांत चुरगाळतात, आवाज ऐकतात आणि ती कोणत्या पोत्यात जाणार हे ठरवतात. पाण्याची बाटली वेगळी, शॅम्पूची वेगळी, पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा. आमटीने भिजलेला पुठ्ठा त्या बाजूला टाकतात. “याला आता कोण भाव देणार?” एवढंच त्या म्हणतात. ओला आणि सुका कचरा वेगळा का ठेवायचा, हे मुलांना त्या एका वाक्यात कळतं. त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही.

घरातला पहिला पाठ दुधाच्या पिशवीपासून सुरू करावा. कोपरा पूर्ण कापायचा नाही, तो पिशवीला लटकता ठेवायचा. सुटलेला इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, तो थेट गटारात किंवा मातीत जातो. पिशवी भांडी विसळलेल्या पाण्यात खंगाळायची, दोरीवर वाळत घालायची आणि सुक्या कचऱ्यात ठेवायची. सहा वर्षांचं मूल हे काम मजेत करतं. जरा मोठ्या मुलाला प्लास्टिकवरच्या त्रिकोणातले आकडे शोधायला द्यावेत. पाण्याच्या बाटलीवर बहुधा 1 असतो, शॅम्पूच्या बाटलीवर बरेचदा 2, मायक्रोवेव्हच्या डब्यावर 5. प्रत्येक आकडा म्हणजे प्लास्टिकची वेगळी जात. या जाती एकत्र वितळवल्या तर माल बिघडतो, म्हणूनच मावशींना इतकी पोती लागतात.

मग वेफर्सचं पाकीट हातात घ्यावं. आतून चंदेरी, बाहेरून रंगीत. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला जवळजवळ किंमत नाही. इथे मुलांशी खरं बोलावं. प्रत्येक वस्तूचं पुन्हा काही होतंच असं नाही, त्यामुळे कमी आणणं हाच पहिला उपाय आहे. हे कळलेलं मूल वाढदिवसाला स्टीलच्या ताटल्यांचा हट्ट धरतं आणि आई-बापाला तो पुरवावा लागतो.

जे वेगळं होत नाही ते डेपोवर जातं. देवनारचा डेपो 1927 पासून मुंबईचा कचरा पोटात घेतो आहे. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली, धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याचा वास आणि नासलेलं विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं सोसलं. आपल्या डब्यातला कंटाळा दुसऱ्या गावच्या मुलांच्या छातीत जातो, हे आपल्या मुलांपासून लपवून ठेवायचं कारण नाही.

2016च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं प्रत्येक घराला बंधनकारक केलं. कायदा मोठ्यांसाठी आहे, सवय मात्र लहानपणीच लागते, आणि तीही मोठ्यांकडे बघून. शाळेने निबंध लिहून घ्यावा, पण त्याबरोबर एखाद्या कचरावेचक ताईंना वर्गात बोलवावं, त्यांना पाहुण्यांचा मान द्यावा, मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. या विषयात त्यांच्याइतकं जाणणारं माणूस शाळेला दुसरं मिळणार नाही.

आणि आपण घरी एवढं करू या. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर लिहून, वेगळी द्यायची. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते न उघडताच ओळखू येतात. कचरा न्यायला येणाऱ्या माणसाचं नाव विचारायचं आणि त्याच नावाने हाक मारायची. या तिन्ही गोष्टी मुलांच्या देखत करा, वेगळं शिकवायची गरज पडणार नाही.