डेडस्टॉकमधले राऊटर आम्हाला द्या!

आपल्या कॉलेजमध्ये दरवर्षी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. फायनल इयरचे काही ग्रुप बाहेरच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत आणतात, आणि हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधले जुने राऊटर उतरवून डेडस्टॉकच्या खोलीत टाकले जातात. पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण कुणी बोलत नाही. दुसरी कुणाच्या लक्षातही येत नाही. माझं म्हणणं असं, की ह्या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच आहे.

आधीच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे कंपायलरला ‘संकलक’ वगैरे म्हणणं माझ्याकडून होणार नाही. सांभाळून घ्या.

तर औषध असं : राऊटरमधलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, सोर्स कोडपासून स्वतः कंपाईल करायचं आणि त्या जुन्या राऊटरवर चढवायचं. बहुतेक वेळा राऊटर भंगारात जातो तो जळला म्हणून नाही, तर कंपनीने त्याचे अपडेट बंद केले म्हणून. अपडेट नाही म्हणजे सिक्युरिटी नाही, म्हणून उचला आणि फेका! आतला प्रोसेसर, रॅम, फ्लॅश सगळं धडधाकट असतं. खरं तर तो एक छोटा कॉम्प्युटरच असतो आणि पुष्कळदा त्याच्यात लिनक्स चालत असतं.

हे लोकांना कळलं त्याची गोष्ट आपल्या सिलॅबसमध्ये नाही, पण असायला हवी. डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राऊटर आणला. पुढच्याच वर्षी लोकांनी शोधून काढलं की आत लिनक्स आहे. लिनक्सचं लायसन्स जीपीएल. त्याची अट अशी, की आमचा कोड घालून वस्तू विकत असाल तर गिऱ्हाईकाला सोर्स कोडही द्यावा लागेल. नुसता कोड नाही, तो कंपाईल आणि इन्स्टॉल करायला लागणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा! तोपर्यंत लिंकसिस सिस्कोने विकत घेतली होती. ओरड झाली आणि २००३ मध्ये कोड बाहेर आला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रोजेक्ट सुरू झाला. नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ त्याच राऊटरचं.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. २००५ मध्ये त्या राऊटरच्या पाचव्या आवृत्तीत फ्लॅश ४ एमबीवरून २ वर आणि रॅम १६ वरून ८ वर आली, आणि लिनक्स जाऊन व्हीएक्सवर्क्स आलं. लिनक्सवाल्या गिऱ्हाइकांसाठी मग ‘जीएल’ नावाचं वेगळं मॉडेल काढावं लागलं. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने लायसन्स मोडल्याबद्दल सिस्कोवर दावा ठोकला, २००९ मध्ये समझोता झाला. थोडक्यात काय, आज आपण ‘मेक’ टाइप करून जो हक्क वापरतो तो कुणीतरी भांडून मिळवलेला आहे.

आता प्रत्यक्ष काम. लिनक्सवाला पीसी, दहा-पंधरा जीबी मोकळी जागा आणि गिट, एवढंच भांडवल. कोड उतरवून घ्यायचा, पॅकेजेसच्या फीड्स अपडेट करायच्या आणि ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ द्यायचं. एक निळा स्क्रीन उघडतो. त्यात राऊटरचा प्रोसेसर आणि मॉडेल निवडायचं, हवी ती पॅकेजेस घ्यायची, नको ती काढायची. मग ‘मेक’. हे सगळं साध्या युजरने करायचं, रूट होऊन नाही.

पहिल्यांदा जुन्या लॅपटॉपवर काही तास जातात. मेसमध्ये जेवून या, जर्नल पूर्ण करा, तरी ते चालूच असतं. कारण पहिल्यांदा ते फर्मवेअर बनवत नाही, फर्मवेअर बनवणारा कंपायलरच बनवतं! आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल जातीचा, राऊटरचा मिप्स किंवा आर्म जातीचा. म्हणून इथे बसून तिथली भाषा बोलणारा क्रॉस-कंपायलर आधी तयार व्हावा लागतो. थर्ड इयरला कंपायलरवर सहा प्रश्न पाठ करून जे कळत नाही ते इथे एका संध्याकाळी कळतं. मध्ये एरर आली तर ‘मेक’च्या पुढे ‘व्ही=एस’ लिहायचं, मग ते काय करतंय ते ओळ न् ओळ दाखवतं.

इथे कुणीही विचारेल, की ओपनडब्ल्यूआरटीच्या साईटवर तयार फाईल फुकट मिळते, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न अगदी बरोबर आहे. घरी आईबाबांचा राऊटर सुधारायचा असेल तर तयार फाईलच घ्या. पण आपण इंजिनिअर व्हायला आलोय ना? ८ एमबी फ्लॅशच्या राऊटरमध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवताना कर्नल म्हणजे काय, ड्रायव्हर म्हणजे काय, एखादी सोय किती जागा खाते, हे समजूनच घ्यावं लागतं. ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क्स आणि कंपायलर हे तीन पेपर आपण वेगवेगळ्या सेममध्ये देऊन विसरतो. ते तिन्ही हातभर डब्यात एकत्र भेटतात. शेवटी एक तर वायफाय लागतं नाही तर लागत नाही, तिथे ग्रेस मार्क नाहीत!

आणि हे विकत आणता येत नाही. म्हणजे आणता येईल, पण ओरलला एक्स्टर्नलने ‘हे पॅकेज का काढलंस?’ एवढं विचारलं की पितळ उघडं पडेल.

सरांच्या आणि मॅडमच्या मनात येणाऱ्या शंका मला माहीत आहेत. पहिली, मुलं राऊटर बिघडवतील. बिघडवतील की! फ्लॅश करताना लाईट गेली किंवा दुसऱ्याच मॉडेलची फाईल टाकली तर राऊटरची अक्षरशः वीट होते. पण तो आधीच डेडस्टॉकमध्ये होता, अजून किती मरणार? शिवाय बऱ्याच मॉडेलना टीएफटीपीने किंवा बोर्डवरच्या सिरियल पिनांना तीन वायरी जोडून परत उठवता येतं. त्याला लागणारा यूएसबी कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो.

दुसरी शंका रेडिओची, आणि ती खरी आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये टीपी-लिंकला २ लाख डॉलर भरावे लागले, कारण त्यांच्या काही राऊटरची पॉवर ठरलेल्या मर्यादेबाहेर नेता येत होती. पण त्याच समझोत्यात बाहेरचं फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने काम करायचंही कंपनीने कबूल केलं. म्हणजे उपाय बंदी हा नाही, शिस्त हा आहे. कंट्री कोड भारताचाच ठेवायचा, पॉवरशी खेळायचं नाही, आणि तयार झालेला राऊटर परवानगीशिवाय हॉस्टेलच्या लाईनला लावायचा नाही. लॅबमध्ये वेगळं नेटवर्क करून तिथेच तपासायचा.

सगळेच राऊटर वाचतील असंही मी म्हणत नाही. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्यांना ओपनडब्ल्यूआरटीच्या १९.०७ नंतर अधिकृत फाईल मिळत नाही. ८ आणि ६४ वाल्यांचीही ओढाताण होते. काहींच्या वायफाय चिपचा ड्रायव्हरच बंद असतो, तिथे इलाज नाही. त्यांना ई-कचऱ्यातच जाऊ द्या, पण निदान तपासून तरी जाऊ द्या.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, राइट-ऑफ झालेले राऊटर रजिस्टरमध्ये सही घेऊन प्रत्येक ग्रुपला दोन याप्रमाणे द्यावेत. दोन म्हणजे एक वीट झाला तरी दुसरा राहतो! दोन, थर्ड इयरच्या मिनी-प्रोजेक्टमध्ये हा विषय चालावा, आणि मार्क चकचकीत बाइंडिंगला नाही, तर मुलांच्या कॉन्फिग फाईलला आणि बिल्ड लॉगला मिळावेत. तीन, नवीन राऊटर घेताना परचेस कमिटीने किमतीबरोबर आणखी एक कॉलम पाहावा : हे मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का? असेल तर कंपनीने हात वर केल्यावरही आपण त्याला आणखी काही वर्षं चालवू शकू. २०२४ मध्ये तर त्या मंडळींनी ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ हा स्वतःचा राऊटरच बाजारात आणला. त्यात दोन वेगळ्या फ्लॅश आहेत, एकीची वाट लागली तर दुसरीवरून परत उभा राहतो.

मित्रमैत्रिणींनो, हॉस्टेलचं नेट स्लो आहे म्हणून रेक्टरच्या नावाने आपण रोज बोटं मोडतो. त्याऐवजी एकदा त्या डब्याच्या आत काय चाललंय ते बघू या. डेडस्टॉकची किल्ली स्टोअरमध्ये आहे, अर्ज मी लिहिलाय. सह्या करायला लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डापाशी या!