हौसेचा कॅमेरा आणि दुरुस्तीचा हिशोब

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. दुरुस्तीला मात्र असतं. डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला ही गोष्ट दुकानात शिरण्यापूर्वी कळलेली बरी.

मोबाइलमध्ये उत्तम फोटो निघत असताना हा कॅमेरा घेतो तरी कोण? घेणारे आहेत. कुणी आयुष्यभर फोटोग्राफीची आवड जपून निवृत्तीच्या पैशांतून एकच हौस पुरी करू पाहतो. कुणाच्या कपाटात वडिलांच्या वेळची लेन्स पडून असते आणि तिला पुन्हा कामाला लावायचं असतं. पण किंमत अशी की घरात चर्चा झाल्याशिवाय राहत नाही. लायकाचा एम ११ हा कॅमेरा २०२२ साली अमेरिकेत आला तेव्हा त्याची किंमत ८,९९५ डॉलर होती, आणि तीही लेन्सशिवाय. मध्यमवर्गीय घरात एवढ्या पैशांत मोटार येते. अशा वेळी घरातल्या कुणी ‘आणि बिघडला तर?’ असं विचारलं, तर तो कद्रूपणा नव्हे. हौशी माणसाने खरं तर हा प्रश्न स्वतःच आधी विचारायला हवा.

रेंजफाइंडर म्हणजे काय, हे जुन्या पिढीला सांगावं लागत नाही. एकेकाळी अनेक घरांत अग्फा क्लिक थ्री असायचा. त्यात नेमकं फोकस करण्याची भानगडच नव्हती. ज्यांची ऐपत आणि आवड थोडी जास्त, त्यांच्याकडे यशिका इलेक्ट्रो ३५ दिसायचा. त्याच्या खिडकीतून पाहिलं की मधोमध एक फिकट चौकोन असे आणि त्यात समोरच्या माणसाची दुहेरी प्रतिमा. लेन्सची कडी फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की फोकस झालं. हाच रेंजफाइंडर. माणूस दोन डोळ्यांनी अंतराचा अंदाज घेतो, तसा हा कॅमेरा दोन खिडक्यांनी घेतो. लेन्स फिरली की आत एक बारीक दांडी सरकते, तिच्याबरोबर आतल्या काचेचा कोन बदलतो आणि दुसरी प्रतिमा जागेवर येते. सगळा कारभार यंत्राचा. तिथे विजेचं काम नाही.

या रचनेचे फायदे मोठे आहेत. एसएलआर कॅमेऱ्यासारखा आरसा आत नसतो, त्यामुळे तो उचलला जाण्याचा खटका नाही आणि क्षणभराचा अंधारही नाही. कॅमेरा लहान आणि आवाज कमी. शिवाय खिडकीतून चौकटीबाहेरचंही दिसतं. त्यामुळे डावीकडून धावत येणारं पोर चौकटीत शिरण्याआधीच कळतं. म्हणूनच रस्त्यावर, बाजारात, घरगुती समारंभात माणसं टिपणाऱ्यांनी हा कॅमेरा उचलून धरला. १९२५ साली पहिला लायका बाजारात आला. १९५४ साली एम ३ आला आणि त्याच्याबरोबर लेन्स बसवण्याची जी कडी आली, ती आजही तीच आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्यांनी टिपलेली छायाचित्रं लायकाचीच.

एम ३ सारखे कॅमेरे सत्तर वर्षांनंतरही चालतात. तेल-पाणी झालं, शटर जुळवून घेतलं की पुन्हा वीस वर्षांची निश्चिंती. साहजिकच डिजिटल रेंजफाइंडर घेणाऱ्याच्या मनातही तीच अपेक्षा असते की एकदा पैसे टाकले, आता नातवापर्यंत बघायला नको. खरी मेख आहे ती इथेच.

फिल्मच्या कॅमेऱ्यात चित्र उमटतं ते रोलवर. रोल बिघडला तर छत्तीस फोटो जातात, कॅमेरा जात नाही. दर रोलबरोबर चित्र उमटण्याची जागा कोरी करकरीत होते. डिजिटल कॅमेऱ्यात ती जागा सेन्सरची, आणि सेन्सर कॅमेऱ्याच्या पोटात कायमचा बसवलेला असतो. तो बिघडला की बाकी पितळी अंग कितीही दणकट असलं तरी उपयोग नाही. घड्याळजी स्प्रिंग घडवू शकतो, सेन्सर कुणालाच टेबलावर घडवता येत नाही.

डिजिटल रेंजफाइंडरचा इतिहास तपासला तर हे पुन्हा पुन्हा दिसतं. पहिला मान जपानच्या एप्सनचा. २००४ साली त्यांनी आर-डी १ हा सुमारे ६० लाख बिंदूंचा कॅमेरा आणला. दिसायला जुना, शटर भरायला हाताने ओढायची कळ, वर काटे असलेली तबकडी. लायकाचा एम ८ २००६ साली आला. त्यात एक चमत्कारिक दोष निघाला. काळा कृत्रिम धाग्याचा कोट फोटोत जांभळा दिसू लागला! डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सेन्सरपर्यंत पोचत होते. शेवटी कंपनीने ग्राहकांना लेन्सवर लावायचे दोन-दोन फिल्टर मोफत दिले.

हे का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. आरसा नसल्यामुळे रेंजफाइंडरची लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसते. कडेचे किरण तिरपे येतात. सेन्सरवरची संरक्षक काच जाड ठेवली तर कोपरे बिघडतात, म्हणून ती पातळ ठेवावी लागते. पातळ काच अवरक्त किरणांना पुरेशी अडवत नाही. म्हणजे कॅमेरा लहान आणि शांत असण्याचं जे कारण, तेच या दुखण्याचं मूळ.

पुढचा एम ९ सप्टेंबर २००९ मध्ये आला. एक कोटी ऐंशी लाख बिंदू आणि जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा पूर्ण आकाराचा सेन्सर. अमेरिकेत किंमत ६,९९५ डॉलर. एम ८ च्या अनुभवावरून या वेळी काच अशी निवडली होती की ती पातळ असूनही अवरक्त किरण चांगले शोषते. पण तिला दमट हवा सोसेना. काही वर्षांनी काचेचा पृष्ठभाग गंजू लागला आणि फोटोत, विशेषतः निरभ्र आकाशावर, बारीक ठिपके दिसू लागले. ते धुळीचे म्हणून पुसायला जावं तर जात नाहीत!

कंपनीने हात वर केले नाहीत, हे सांगायला हवं. २०१४ च्या अखेरीस तिने जाहीर केलं, की कॅमेरा कितीही जुना असो, गंजलेला सेन्सर मोफत बदलून मिळेल. पुढे न गंजणाऱ्या काचेचा सेन्सरही तयार झाला. परंतु २०१७ मध्ये नियम बदलला. खरेदीला पाच वर्षं उलटलेल्या कॅमेऱ्याच्या मालकाला खर्चाचा वाटा उचलावा लागू लागला. आणि नंतर बदली सेन्सरचा साठाच संपला. आज ज्याच्या एम ९ मध्ये जुना सेन्सर आहे, तो कंपनीच्या दारात पैसे घेऊन उभा राहिला तरी नवा सेन्सर मिळत नाही.

एम ९ च्या या कहाणीतून घेण्यासारखा धडा एकच. कॅमेरा बिघडेल का, हा प्रश्न तसा अर्धवटच आहे. बिघडला तर नीट कोण करणार, आणि किती वर्षं, हे विचारलं की तो पुरा होतो.

या नजरेने पाहिलं की बिघाडांचे तीन प्रकार पडतात. पहिला यंत्राचा. कॅमेरा आपटला, गचके बसले की रेंजफाइंडरची जुळणी किंचित सरकते आणि नाकावर धरलेलं फोकस कानावर जातं. हे त्रासाचं असलं तरी जाणकार कारागीर जुळवून देऊ शकतो. दुसरा प्रकार सॉफ्टवेअरचा. एम ११ वापरणाऱ्या काहींनी कॅमेरा मधूनच गोठून बसतो अशी तक्रार केली. बॅटरी काढून घातली की चालू होतो, पण तेवढ्यात वधूवरांच्या गळ्यात हार पडून गेलेले असतात. अशा दुखण्यावर कंपन्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या देत राहतात. म्हणून बाजारात मॉडेल आल्या आल्या धावण्यापेक्षा वर्षभर थांबलेलं शहाणपणाचं. तिसरा प्रकार सेन्सर, मागचा पडदा आणि आतल्या सर्किटचा. इथे उत्पादकाशिवाय वाली नाही, आणि उत्पादकाकडे सुटा भाग आहे तोवरच तो वाली. जोखीम मोजायची ती या तिसऱ्या प्रकाराची.

त्यात आपली हवा. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता इथे पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, हे कॅमेरेवाल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवलेला कॅमेरा सर्वांत आधी खराब होतो. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा असेल तर तो ४० ते ५० टक्क्यांदरम्यान, एवढी व्यवस्था कॅमेऱ्याआधी हवी. पुड्या दर काही दिवसांनी तापवून पुन्हा कोरड्या करायच्या. आणि सर्वांत चांगलं औषध म्हणजे कॅमेरा वापरत राहणं.

आता निर्णयाकडे. घेणाऱ्याने चार गोष्टींची उत्तरं कागदावर लिहावीत. पहिली, काम काय? धावती मुलं, खेळाचे सामने, पक्षी, रंगमंचावरचा दूरचा कलाकार यांसाठी हा कॅमेरा नाही. त्यात ऑटोफोकस नाही, झूम लेन्सची सोयही नाही म्हणण्याइतकीच. दुसरी, घरात हा एकुलता एक कॅमेरा असणार का? तसं असेल तर सांभाळून. मुंज, लग्न, बारसं पुन्हा होत नाही. अशा दिवशी दुसरा कॅमेरा, निदान चांगला मोबाइल, हाताशी हवाच. तिसरी, दुरुस्ती कुठे? दुकानदाराला ‘सर्व्हिस मिळते ना?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ असंच येतं. म्हणून विचारायचं ते असं: काम भारतात होतं की परदेशी पाठवावं लागतं? किती महिने लागतात? जाण्या-येण्याचा आणि कस्टमचा खर्च कुणाचा? परदेशातून कुणा नातेवाइकाने आणलेल्या कॅमेऱ्याला इथे वॉरंटी लागू आहे का? उत्तरं लेखी घ्यावीत. चौथी, पैसा कुठला? समजा, कॅमेऱ्याला चार लाख पडले आणि आठ वर्षं चालला, तर हौसेचा खर्च वर्षाला पन्नास हजार. तो आनंदाने सोसवत असेल तर पुढे जावं. पण हप्त्यावर घेऊन, ‘पुढे किंमत वाढेल’ या आशेवर घेऊ नये. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांना भाव येतो तो ते दुरुस्त होतात म्हणून. डिजिटलला तो नियम लागू नाही.

जुना डिजिटल रेंजफाइंडर स्वस्तात मिळतो म्हणून मोह होतो. तिथे काही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लेन्सचं छिद्र अगदी बारीक, म्हणजे एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि मोठ्या पडद्यावर पाहावा. फुंकर मारूनही न हलणारे, कडेला वलय असलेले ठिपके दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा. एम ९ असेल तर सेन्सर बदलल्याची कंपनीची पावती मागावी. मग दूरच्या इमारतीवर लेन्स अनंतावर लावून दोन प्रतिमा एकावर एक बसतात का ते पाहावं, आणि एक मीटरवरच्या छापील कागदावर छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढावा. लागोपाठ शंभर-दोनशे फोटो काढून कार्डावर सगळे उतरले का ते मोजावं. नवी बॅटरी अजून मिळते का, हेही विचारून घ्यावं.

ज्याचं मन या सगळ्यानंतरही डळमळतं, त्याला मधला रस्ता आहे. आधी चांगली लेन्स घ्यावी. लेन्समध्ये सेन्सर नसतो. तिची निगा राखली तर ती खरोखर पुढच्या पिढीला जाते. तीच लेन्स अॅडॉप्टर लावून साध्या मिररलेस कॅमेऱ्यावर चालते, आणि रेंजफाइंडरचीच ओढ असेल तर फिल्मच्या जुन्या एम कॅमेऱ्यावरही. लायकाने २०२२ साली फिल्मचा एम ६ पुन्हा बाजारात आणला, तोही नवाकोरा हवा असलेल्यांसाठी आहे. रोल आणि धुलाईचा खर्च वाढतो, पण वर्षभरात माणसाला आपली आवड किती खोल आहे ते कळतं. ती टिकली तर डिजिटल अंग पुढे केव्हाही घेता येतं.

तेव्हा घ्यावा की घेऊ नये? ज्याच्याकडे दुसरा कॅमेरा आहे, दुरुस्तीचा पत्ता माहीत आहे आणि गेलेला पैसा ज्याच्या घराला टोचणार नाही, त्याने खुशाल घ्यावा, आणि घेतल्यावर कपाटात न ठेवता रोज खांद्याला लावावा. ज्याला तो मुलाबाळांसाठी ठेवायचा दागिना वाटतो, त्याने घेऊ नये. नातवंडांच्या हाती पोचायचे ते आजोबांनी काढलेले फोटो. ते मात्र दर महिन्याला दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत आणि निवडक कागदावर छापून घ्यावेत. कॅमेरा बंद पडला तरी कागदावरचा चेहरा ओळखू येतो.