अस्सल कागद आणि एकटा शिक्षक



मार्च महिना आला की आपल्या वस्तीवस्तीतून महाडच्या चवदार तळ्याचे स्मरण केले जाते. सभा भरतात, भाषणे होतात, आणि आपली मुले ती कान देऊन ऐकतात. ऐकणारे मूल विचार करणारे असेल, तर दुसऱ्या दिवशी ते आपल्या शिक्षकाला विचारील, "गुरुजी, २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी घेतले, तर त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह कशासाठी ठरला? आणि डिसेंबरात जमलेले हजारो लोक पाणी न घेताच घरी का परतले?"

प्रश्न रास्त आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील चार ओळींत त्याचे उत्तर नाही, आणि आदल्या दिवशीच्या भाषणातही ते नव्हते. मग शिक्षकाने करावे काय? मुलाला "गप्प बैस" म्हणावे, की मनाने एखादी कथा रचून सांगावी? दोन्ही मार्ग घातक आहेत. पहिल्याने मुलाची बुद्धी मारली जाते. दुसऱ्याने आपल्या लढ्याचा इतिहास खोटा पडतो. तिसरा मार्ग एकच. तो म्हणजे अस्सल कागद मुलांपुढे ठेवणे.

तो कागद काय सांगतो, पाहा. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्यास अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केले, परंतु ते केवळ कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या ठरावाला कृतीची जोड दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरात सनातनी मंडळी न्यायालयात गेली आणि तात्पुरता मनाई हुकूम घेऊन आली. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी घेण्याचा सत्याग्रह मात्र न्यायालयाचा हुकूम मानून तहकूब करण्यात आला. पुढे दावा चालत राहिला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादिकाळापासून चालत आली आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही.

हे कागद क्रमाने समोर ठेवले, तर एखादी चुणचुणीत मुलगी सहज विचारील की, ठराव ४ ऑगस्टला झाला आणि महाडचा ठराव रद्दही ४ ऑगस्टलाच झाला, बरोबर चार वर्षांनी, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाजवळ नसले तरी चालेल. मूल तारीख वाचू लागले, कागदाला प्रश्न करू लागले, हेच शिक्षण होय. आणि हक्क एका दिवसात मिळाला नाही, त्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले, हे भान त्याला भाषणातून नव्हे, कागदातूनच येईल.

ही साधने दुर्लभ आहेत असेही नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'चे अंक ग्रंथरूपाने पुन्हा छापले गेले आहेत. मग अडते कोठे? अडते ते शिक्षकाच्या एकटेपणापाशी.

त्याच्या अडचणी डोळ्यांपुढे आणा. तास पाऊण तासाचा. 'बहिष्कृत भारत'ची मराठी आजच्या मुलाला जड वाटते. न्यायनिवाडा इंग्रजीत, तोही कायद्याच्या भाषेत. त्याहून जुना कागद मोडी लिपीत. कोणता उतारा घ्यावा, कोठे थांबावे, हे सांगणारा कोणी नाही. वर्गात सर्व जातिधर्मांची मुले बसलेली. कोणी दुखावले जाईल काय, वरिष्ठ आक्षेप घेतील काय, ही धास्ती वेगळीच. अशा स्थितीत तो हौसेने एकदा प्रयोग करतो, फसतो, आणि पुन्हा पाठ्यपुस्तकाच्या चार ओळींकडे वळतो. हा दोष त्याचा नव्हे. त्याच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही, हा दोष आपला आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक तालुक्यात अशा शिक्षकांचे एक मंडळ असावे. त्यास घटना नको, अध्यक्ष नको, हारतुरे तर नकोतच. पाचसहा शिक्षकांनी महिन्यातून एका रविवारी एकत्र बसावे. प्रत्येकाने एक कागद आणावा आणि त्याला चार प्रश्न विचारावेत : हा कोणी लिहिला? केव्हा? कोणासाठी? आणि यात काय सांगितलेले नाही? कठीण शब्दांचे अर्थ एकाने लिहून सर्वांना द्यावेत. न्यायनिवाड्यासाठी एखाद्या वकिलाला बोलवावे; मोडी जाणणारा वृद्ध गावात असेल तर त्याच्या पायाशी बसावे. वर्गात काय साधले यापेक्षा काय फसले, ते आधी सांगावे. कारण एकाची चूक दहांचे श्रम वाचविते. आज खिशातल्या फोनवरून पानाचे छायाचित्र क्षणात दुसऱ्या गावी पोहोचते, हे खरे. परंतु पान पोहोचले म्हणजे ते वाचले गेले असे नव्हे. ते वाचण्यास सोबती लागतो. या मंडळाची दारे इतर समाजांतील शिक्षकांनाही मोकळी असावीत. कौन्सिलात ठराव मांडणारे बोले अस्पृश्य नव्हते, हे विसरू नये.

आणि एक पथ्य पाळावे. कागद आपल्याला रुचेल तेवढाच दाखवू नये. आपल्याकडील वक्तेही कधी मार्चची गोष्ट डिसेंबरात घालतात, कधी डिसेंबरची मार्चात. विरोधकाने अशी एक चूक पकडली की तो आपले दहा सत्य मुद्देही उडवून लावतो. ज्याची बाजू न्यायाची आहे, त्याला अस्सल कागदाचे भय कशाला?

आता कुटुंबांना दोन शब्द. या मंडळाला बसावयास विहाराची जागा द्या. आपल्या पेटीत, फडताळात आजोबांचा शाळेचा दाखला असेल, एखाद्या परिषदेचे पत्रक असेल, दीक्षेच्या वेळचे छायाचित्र असेल. ते रद्दीत घालू नका. मूळ कागद घरातच जपून ठेवा, शिक्षकाला त्याची प्रत घेऊ द्या, आणि तो कोणाचा, कोठला, कोणत्या सालचा, हे घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर वेगळ्या कागदावर लिहून घ्या. त्यांच्यामागे ते सांगणारे कोणी उरणार नाही.

आणि मुलाने घरी येऊन अडचणीचा प्रश्न विचारला, तर त्याला दटावू नका. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरही शिकू दिले नाही, त्यांचे मूल आज न्यायालयाचा निवाडा वाचून प्रश्न करते आहे. त्याला उत्तर शोधून देणारा शिक्षक एकटा पडणार नाही, एवढे पाहणे आपले कर्तव्य आहे.

जयभीम!