नेपाळचा पहिला प्रवास : खर्च आणि दिवस

सुटी जवळ आली कीं अलीकडे पुष्कळ घरांतून नेपाळचें नांव निघूं लागतें, आणि तें स्वाभाविकच आहे. म्हणावयास परदेश, परंतु आपणांस व्हिसा लागत नाहीं. तेथले १६० रुपये म्हणजे आपले १०० रुपये, हा दर १९९३ पासून स्थिर आहे. आणि गोरखपूरपर्यंत आगगाडीनें गेल्यावर सोनौलीची सरहद्द पायींही ओलांडतां येते. मोठ्या माणसांस पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचें ओळखपत्र पुरतें. पंधरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांस मुख्याध्यापकांचा विहित नमुन्यांतील दाखलाही चालतो. (तो निघण्याच्या आदल्या दिवशीं मागूं नये, एवढीच विनंति!)

तेव्हां अडचण पैशाची नाहीं, दिवसांची आहे. काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ, लुंबिनी आणि वर चितवनचें अरण्य, हें सारें सात दिवसांत उरकण्याचा जो बेत घरोघर आंखला जातो, तो आम्हांस मुळींच पसंत नाहीं. काठमांडूहून पोखरा सुमारें २०० किलोमीटर. पण डोंगरी रस्त्यानें त्यांत बहुतेक सारा दिवस मोडतो. पावसाळ्यांत दरडी कोसळल्या तर हिशेबच राहत नाहीं. म्हणून दिवाळीची सुटी बरी. त्या दिवसांत आकाश निवळलेलें असतें आणि हिमशिखरें दिसतात.

खरी काळजी मुक्तिनाथाची. आजी-आजोबांची जन्माची इच्छा म्हणून आपण त्यांस घेऊन जातों, आणि वेळ वांचविण्यासाठीं पोखऱ्याहून जीपगाडीनें एका दिवसांत वर पोंचवितों. पोखरा सुमारें ८२० मीटर उंचीवर, मुक्तिनाथ सुमारें ३७०० मीटरवर. आपलें कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी! २५०० मीटरांच्या वर हवा विरळ झाल्यानें डोकें दुखणें, ओकारी, धाप लागणें असे विकार जडूं शकतात. तरुणांसही ते सोडीत नाहींत. ते वाढत चालले तर तत्काळ खालीं उतरणें हाच खरा उपाय. रात्रीं उतरावयाचें झाल्यास गाडी कोठून मिळेल, हें आधींच विचारून ठेवावें.

वाटेंत जोमसोम हें गांव सुमारें २७०० मीटरवर आहे. तेथें जातांना एक रात्र काढल्यास शरीरास उंचीची संवय होऊं लागते. पांच माणसांचा एका रात्रीचा खर्च वाढतो, अशी तक्रार होईल, व ती खोटी नव्हे. परंतु स्वस्त म्हणून जो देश निवडला, तेथेंच ही काटकसर कशासाठीं?

भूगोल शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें काम अंगावर घ्यावें. बेताच्या कागदावर प्रत्येक मुक्कामापुढें त्याची उंची लिहावी आणि तो कागद वडिलांपुढें ठेवावा. दिवस पुरत नसतील तर चितवन गाळावें. तेथले गेंडे पुढल्या खेपेस पाहतां येतील.